मदत हवी आहे: डावखुऱ्यांनी टाकाने कॅलिग्राफी कशी शिकावी?

नमस्कार मंडळी,

राहते ठाण्यात, घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत. छंद म्हणून मॉडर्न कॅलिग्राफी शिकतेय. ब्रश पेनवर हात बऱ्यापैकी बसलाय (टॉम्बोचं फुडेनोसुके, कडक टोकाचं). आता टाक हातात घेतलाय आणि गाडी अडली आहे.

मी डावखुरी. इथल्याच एका शनिवार-रविवारच्या क्लासला गेले, तर बाईंनी माझा हात बघूनच सांगितलं, "डाव्याने टाक नाही जमायचा, उजव्याने सुरुवात करा." हे शाळेत ऐकून झालंय, चाळिशीत पुन्हा कोण ऐकणार? क्लास सोडला.

घरी निक्को जी निब (टाकाचं टोकदार पातं) आणि तिरका होल्डर (निब एका बाजूला बसवायची दांडी) मागवला, सगळे व्हिडिओवाले तोच वापरतात म्हणून. खाली येणारी रेघ जाड निघते, पण तिची एक कड गुळगुळीत आणि दुसरी करवतीसारखी. वर जाणारी बारीक रेघ काढताना टोक कागदात रुततं, मग शिंतोडे. त्यात कागद साधा झेरॉक्सचा, ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम, पातळच). पाऊस सुरू झाल्यापासून शाई इतकी फुटते की अक्षराला मिशा येतात.

दिवाळीनंतर भाचीचं लग्न आहे. पाकिटांवरची नावं मीच लिहिणार असं ठरलंय. मुलाकडची इंग्रजीत, आपल्याकडची मराठीत; ताईचा हट्ट. म्हणजे देवनागरीसाठी चपटी निब वेगळी शिकायची. डाव्या हाताला हे दोन्ही जमतं का? काय घेऊ, काय टाकून देऊ? "सराव करा" सोडून काहीही सांगा, तो चालूच आहे.

प्रतिसाद १
आधी एक सांगा: मनगट वाकवून ओळीच्या वरून लिहिता की हात ओळीखाली ठेवून?

धागाकर्ती
ओळीखालून. कागद थोडा तिरका ठेवते.

प्रतिसाद १
मग तो तिरका होल्डर आजच बाजूला ठेवा. तो उजव्या हातवाल्यांसाठी असतो. कॉपरप्लेटची (टोकदार निबने लिहायच्या इंग्रजी वळणाची) अक्षरं उजवीकडे साधारण ५५ अंशांवर कललेली असतात आणि उजव्या हातातला टाक नेमका उलट दिशेला झुकतो, म्हणून निब बाजूला काढून बसवावी लागते. तुमचा हात मुळातच त्या कलात आहे. साधा सरळ होल्डर घ्या. निबच्या दोन पात्या सारख्या उघडत नाहीत म्हणून एक कड करवत होते, ते थांबेल. निक्को जी राहू द्या, ती कडक आहे, नवख्या हाताचा दाब सोसते. नव्या निबवर तेलाचा हात असतो तो टूथपेस्टने पुसलात ना? नाहीतर शाई थेंबाथेंबाने गोळा होते.

रुतण्याचं म्हणाल तर टाक कागदाशी जास्त आडवा धरा. वर जाताना दाब शून्य, निब फक्त टेकलेली.

प्रतिसाद २
देवनागरीबद्दल मी सांगतो, मीही डावखुरा. रोमनमध्ये चपट्या निबने जाड रेघ ज्या तिरक्या दिशेला येते, देवनागरीत ती त्याच्या उलट दिशेला यावी लागते. म्हणून उजव्या हाताने लिहिणाऱ्यांसाठी बोरू उलट्या बाजूने तिरका कापतात. ओळीखालून लिहिणाऱ्या डावऱ्याच्या हातात सरळ कापलेली निबसुद्धा बरीचशी त्याच कोनात बसते. तुमच्या त्या बाईंना हे माहीत असायला हरकत नव्हती. अडचण येते शिरोरेषेला: डावीकडून उजवीकडे निब ढकलावी लागते आणि ती अडकते. मी अक्षरं आधी लिहितो, शिरोरेषा शेवटी, उजवीकडून डावीकडे ओढतो. शुद्धतावादी नाकं मुरडतात. मुरडू देत.

शिकायला माणूसच हवा असेल तर सुलेखनकार अच्युत पालवांची शाळा नवी मुंबईतच आहे (२०२५ ची पद्मश्री मिळाली तेच). डावखुऱ्यांना कसं शिकवतात ते फोन करून विचारा.

प्रतिसाद ३
शाई कुठली आहे? फाउंटन पेनची असेल तर ती पातळच, टाकाने साध्या कागदावर फुटणार. वाटीत थोडी काढून बाभळीच्या डिंकाच्या पाण्याचे एकदोन थेंब घाला. ती पुन्हा पेनात मात्र भरू नका, पेन कायमचं बसेल. कागद १०० जीएसएमचा, गुळगुळीत घ्या आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. निबही लिहून झाल्यावर पुसून कोरड्या करा, नाहीतर गंज ठरलेला. पाकिटांचा कागद आधी हातात घेऊन तपासा, लग्नाची चकचकीत पाकिटं शाई धरतच नाहीत. मस्जिद स्टेशनला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीटला जा, खिशात शाईची बाटली आणि टाक ठेवा, नमुन्यावर तिथेच रेघ ओढून बघा.

धागाकर्ती
सरळ होल्डर ऑफिसातल्या एकीकडून उसना मिळाला. करवत गेली!! शाई फाउंटन पेनचीच होती, डिंक आज भिजत घातलाय. पाकिटं मात्र ताईने आधीच छापायला दिलीत, चकचकीत सोनेरी. त्यावर काय चालेल? पांढरा गौश (अपारदर्शक जलरंग) टाकाने जमतो का?