मदत हवी आहे: मासळीच्या ईकोला सीएनजी किट. खाऱ्या पाण्याचं आणि सिलिंडरचं कसं करू?

नमस्कार मंडळी. आमची 2016ची पेट्रोल ईको आहे. हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावात मासळी घ्यायची, पहाटे बर्फ बदलून आईला सोबत घ्यायचं आणि दापोलीवरून खेडचा बाजार गाठायचा, हा रोजचा धंदा. हर्णैहून वर दापोलीला चढताना आसूदच्या वळणांवर भरलेली गाडी इतकं पेट्रोल पिते की बांगड्याच्या दिवशी हातात काही उरत नाही. म्हणून सीएनजीचं ठरवलंय. खेडच्या बाजूला रोज जातोच, गॅस तिकडेच भरेन.

अडचण अशी की मागे दहा-बारा क्रेट असतात आणि बर्फ वितळून खारं पाणी सगळ्या तळावर पसरतं. परवा मॅट उचलली तर डाव्या चाकाच्या कमानीपाशी पत्र्याला पापुद्रे सुटलेले, नख लावलं तर हातात येतात. फिटर म्हणतो, सिलिंडर तिथेच बसेल. 200 बार दाबाची टाकी गंजक्या पत्र्यावर, आणि पुढच्या सीटवर माझी आई. माझं मन धजत नाही.

त्यानेच वर सांगितलं, "पासिंगचं नंतर बघू." ओळखीतल्या एकाने तर घरगुती गॅसची टाकी जोडून देतो म्हटलं. त्याला मी तिथेच नाही म्हणालो. ते बेकायदा आहे आणि जिवाशी खेळ आहे.

सिलिंडर कुठे आणि कसा बसवावा? भरलेली गाडी चढाला गॅसवर ओढेल का? मासळीची गाडी असणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (मिरकरवाडा, रत्नागिरी)

दादा, आमचीही मासळीचीच ईको. चुकलो कुठे ते आधी सांगतो. सिलिंडरच्या पट्ट्याखाली रबर असतं. वरून कोरडं दिसायचं, आत मात्र खारं पाणी धरून बसलेलं. दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे टाकीत पाण्याचा दाब देऊन केलेली तपासणी, लागते. पहिल्याच टेस्टला पट्टा सोडला तर टाकीला खड्डे पडलेले. टाकी बाद झाली.

तेव्हा आधी सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करून घ्या, मगच किट. स्टँड तळापासून उंच ठेवायला सांगा आणि क्रेटच्या बाजूला आडवा पत्रा लावून पाणी मागच्या दारातून बाहेर काढा. रबर दर महिन्याला सोडून गोड्या पाण्याने धुवा.

बंद गाडीत टाकीच्या व्हॉल्व्हवर हवाबंद पिशवी असते आणि तिच्या नळ्या गाडीबाहेर निघतात. गॅस गळला तर तो आत न कोंडता बाहेर जावा, यासाठी ती सोय. या नळ्यांची तोंडं खवल्यांनी आणि चिखलाने बुजतात. रोज बोट घालून बघायचं, यात आळस नको.

चढाला ताकद कमी पडते, हे खरं. सिक्वेन्शियल किट (इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारं) घ्या आणि भरलेल्या चढाला बटण पेट्रोलवर टाका. पेट्रोल टाकीत ठेवावंच लागतं, गाडी सुरूही त्याच्यावरच होते. 60 लिटरच्या टाकीत 9-10 किलो गॅस मावतो, पण टाकीचंच वजन पन्नास किलोच्या आसपास. एखाद-दुसरा क्रेट कमी भरा.

"पासिंग नंतर" म्हणणाऱ्याकडे पाऊल टाकू नका. किट तुमच्या मॉडेलसाठी मंजूर हवं, आरटीओकडून आरसीवर सीएनजी चढलं पाहिजे आणि विमा कंपनीलाही कळवलं पाहिजे. नाहीतर अपघात झाला तर क्लेम अडकतो.

धागाकर्ता

खूप आभार दादा. पट्ट्याखालच्या रबराचं कुणीच सांगितलं नव्हतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, गाडी उभीच असते. पत्रा आणि किट दोन्ही तेव्हाच करतो. उद्या रिकाम्या गाडीत पाइप मारून पाणी कुठे साचतं त्या जागा खडूने खुणावतो, आणि त्याचा फोटो इथे टाकतो. स्टँड कुठे घ्यावा ते बघून सांगाल का?