नवा माइक घेण्याआधी चार्जर काढून बघा

खर्जप्रेमी:
मी डोंबिवलीत राहतो. नोकरी करून गातो आणि घरच्या घरीच रेकॉर्ड करतो. दोन वर्षं माझ्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात मागे एक बारीक गुणगुण येत होती. गाताना कळायची नाही, पण आलापातल्या विरामात कानाला टोचायची. आधी माइक बदलला, मग इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) बदलला, मग महागड्या केबली आणल्या. अठरा हजार रुपये गेले आणि गुणगुण होती तिथेच राहिली.

एका रात्री गाताना वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, इंटरफेसला वीज यूएसबीतूनच मिळते, म्हणून मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर त्या सात-आठ मिनिटांत गुणगुण नावालाही नव्हती. पंखा आणि फ्रिजही तेव्हा बंदच होते, त्यामुळे संशय कुणावर घ्यायचा ते कळेना. मग सगळं चालू ठेवून फक्त चार्जर काढला. गुणगुण गेली. लावला, आली. पाच वेळा करून पाहिलं.

लॅपटॉपच्या धातूच्या कडेला बोट लावलं की झिणझिण्या यायच्या, त्याच्याकडेही मी दोन वर्षं दुर्लक्ष केलं होतं. चार्जरच्या आत विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडा प्रवाह झिरपतो. अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर लॅपटॉप, यूएसबीची वायर, इंटरफेस, माइकची केबल असा वाट काढतो. वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा सॉकेटमागे अर्थिंगची वायर नुसती लोंबत होती. काम वीस मिनिटांचं.

म्हणून माझं मत ठाम आहे. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये दोष आला तर तो कुठून येतो हे सापडेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये. एका वेळी एकच गोष्ट काढायची आणि ऐकायचं. आपण दुकानात आधी जातो आणि कान नंतर लावतो, हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

रियाजी:
तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला नियम मला मान्य नाही. मी पुण्यात गाणं शिकवते. गेल्या वर्षी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तीन महिने माझा सकाळचा रियाज त्यात बुडाला. ड्रायव्हर (इंटरफेस लॅपटॉपशी बोलावा म्हणून टाकायचं सॉफ्टवेअर) टाक, काढ, परत टाक. सॉफ्टवेअरमध्ये आवाज दिसतो पण ऐकू येत नाही. विंडोजचा अपडेट आला की माइकची परवानगी आपोआप बंद. सकाळची वेळ एकदा गेली की परत येत नाही, हे गाणाऱ्याला सांगायला नको.

शेवटी सेलवर चालणारा, हातात मावणारा एक रेकॉर्डर घेतला. स्टँडवर लावते, तांबडं बटण दाबते, गाते. चार्जर नाही, ड्रायव्हर नाही, अर्थिंगचा प्रश्न नाही. पैसे खर्च करून प्रश्नच नाहीसा होत असेल तर त्यात चूक काय? तानपुरा लावायला वीस मिनिटं लागली तर मी कुरकुर करत नाही, कारण ते गाणंच आहे. पण सेटिंगच्या खिडक्या उघडण्यात गेलेली वीस मिनिटं कशातच जमा होत नाहीत.

पेटीवाला:
एवढी मारामारी कशाला? ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. सुरुवातीला पाच सेकंद शांतता रेकॉर्ड करा, ती निवडून नॉइज रिडक्शनला नमुना म्हणून द्या, मग सगळ्या ट्रॅकवर चालवा. गुणगुण गायब. मी पेटीची सगळी रेकॉर्डिंग अशीच साफ करतो, आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही.

खर्जप्रेमी:
पेटीवाले, मी हे वर्षभर केलं आणि त्याचाच मला सर्वांत जास्त पश्चात्ताप आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, पण गुणगुण ५० वर थांबत नाही. १००, १५०, २०० अशा पटींत वर चढते. लहान हेडफोनमध्ये ऐकू येते ती मुख्यतः १०० आणि त्याच्या वरची.

मी काळी एकमध्ये गातो, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा माझा सा. माझा मध्य षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) त्याच्या पाऊण पट, म्हणजे १०४ च्या आसपास. तानपुऱ्याची पहिली तार नेमकी तिथेच लागते. १०० ची गुणगुण आणि १०४ चा पंचम एकत्र आले की सेकंदाला चार हेलकावे. मला कित्येक महिने वाटत होतं की माझा तानपुरा नीट लागत नाही. जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली असतो तो, दोरा सरकवून सरकवून बोटं दुखली.

आणि सॉफ्टवेअरला १०० च्या आसपासचं काप म्हणून सांगितलं की ते पंचमालाही धक्का लावतं. नमुना देऊन साफ केलं तर स्वराची आस (मागे रेंगाळणारा नाद) जिथे विरत जाते तिथे पाण्याखालून आल्यासारखा आवाज येतो. पेटीला हे कमी जाणवेल, कारण भाता चालू आहे तोवर तिचा स्वर भरलेला असतो. गळा आणि तानपुरा यांचं अर्धं सौंदर्य विरण्यातच आहे. मुळातला दोष मुळातच काढायला हवा.

मिक्सरवाला:
ध्वनिमुद्रणाचं काम पोटासाठी करतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं सुनावतो.

खर्जप्रेमी, 'एक रुपयाही खर्च करू नये' हे फार ताणलेलं विधान आहे. माझ्याकडे येणारे कितीतरी जण कंडेन्सर माइक घेतात, त्याला एका टोकाला छोटी हेडफोनची पिन असलेली वायर लावतात आणि ती लॅपटॉपच्या भोकात खुपसतात. मग आवाज बारीक येतो म्हणून आठवडाभर सेटिंग शोधतात. त्या माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच मिळणारी वीज, लागते. लॅपटॉपचं भोक ती देऊच शकत नाही. इथे शोधण्यासारखा दोषच नाही, वस्तू कमी आहे. इंटरफेस विकत घ्या आणि त्यावरचं ४८ चं बटण दाबा. ब्लूटूथ हेडफोन लावून गाणाऱ्यांचंही तेच. आवाज इतका उशिरा पोचतो की कुठल्याच सेटिंगने सुटणार नाही, वायरचा हेडफोन आणावा लागतो.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. गुणगुण घालवायला चार्जरच्या किंवा अँपच्या (अँप्लिफायरच्या) तीन पिनांतली वरची जाड पिन कापू नका, तिच्यावर टेपही लावू नका. पुष्कळ ठिकाणी हा 'उपाय' सर्रास सांगितला जातो. गुणगुण कधीकधी खरंच जाते, पण अँपमध्ये काही बिघडलं तर २३० व्होल्टला जायला तुमच्या शरीराशिवाय वाट उरत नाही. अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून मीटरने बघून घ्या. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जेवढे व्होल्ट, जवळपास तेवढेच फेज आणि अर्थमध्ये दिसले पाहिजेत. जुन्या वाड्यांत, चाळींत सॉकेट तीन भोकांचं असतं आणि मागे वायर दोनच असतात.

रियाजीताई, तुमच्या रेकॉर्डरबद्दल मला आदर आहे. पण त्यात तानपुरा आणि गळा एकाच ट्रॅकवर येतात. नंतर तानपुरा मोठा वाटला तर तो कमी करता येत नाही.

रियाजी:
तो कमी करायची वेळच येऊ नये, म्हणून मी जागा बदलते. तानपुरा दोन हात मागे, मी पुढे. बैठकीत ऐकणाऱ्याला जे मिळतं तेच रेकॉर्डरला मिळतं. वेगळे ट्रॅक हवेत ही गरज गाण्यातून आली आहे की सॉफ्टवेअरमधून, याचा विचार मी खरोखर केला आणि माझं उत्तर ठरलं आहे. विद्यार्थ्यांना देण्यासाठी मला बंदिश हवी असते, मिक्स नाही.

पिन कापण्याबद्दल लिहिलंत ते फार चांगलं केलंत. आमच्या इमारतीत एकाने हेच केलं आहे, आज जाऊन सांगते.

धा तिरकिट:
तबलावाला म्हणून माझा प्रश्न गुणगुणीचा नाही, उशिराचा आहे. मी आधी रेकॉर्ड केलेल्या लेहऱ्यावर (तबल्यासाठी पुन्हापुन्हा वाजवलेल्या धुनेवर) वाजवतो. हेडफोनमध्ये माझाच तबला मागून ऐकू यायचा. मलाही सांगितलं गेलं की लॅपटॉप जुना झालाय, नवा घे. घेतला नाही, हिशोब केला.

बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे जेवढे नमुने साठवून पुढे पाठवतो तो आकडा, १०२४ वर होता. ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० नमुने) त्याचे सुमारे २३ मिलिसेकंद होतात. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, म्हणजे ४६, शिवाय ड्रायव्हरचं आणि इंटरफेसचं थोडं. हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे माझा स्वतःचा तबला मला पंधरा-सोळा मीटर लांबून ऐकू येत होता! मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एका मात्रेत चार बोल वाजवले तर दोन बोलांमध्ये ९४ मिलिसेकंद असतात. त्याच्या निम्म्याने बोल मागे पडला तर हात गडबडणारच.

बफर १२८ वर आणला की पट्‌पट् आवाज यायला लागले. इथे मी खर्जप्रेमींसारखं एकेक करून बघितलं. वायफाय बंद केलं आणि पट्‌पट् थांबली. वायफायचा ड्रायव्हर मधूनमधून प्रोसेसर अडवून धरत होता. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते असा अडवणारा ड्रायव्हर कुठला ते दाखवतं. त्याच लॅपटॉपवर आज वाजवतोय. माझं मत खर्जप्रेमींच्या बाजूला.

मिक्सरवाला:
हिशोब बरोबर, पण याहून सोपं आहे. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असं बटण किंवा खुंटी असते. ती लावली की तुमचा तबला संगणकात न जाताच थेट हेडफोनला येतो. बफर कितीही ठेवा, उशीर जाणवणार नाही. फक्त सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर बोल दोनदा ऐकू येईल.

धा तिरकिट:
डायरेक्ट मॉनिटरवर ऐकताना ठीक, पण रेकॉर्ड झालेला ट्रॅक लेहऱ्याच्या मागे पडतो की नाही हे वेगळंच. माझ्याकडे एएसआयओफोरऑल हा कुठल्याही इंटरफेसला चालणारा फुकट ड्रायव्हर होता, त्याने उशीर चुकीचा सांगितला आणि सॉफ्टवेअरने त्यानुसार चुकीची दुरुस्ती केली. सम प्रत्येक वेळी जराशी मागे. शेवटी इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटला केबल लावली, एक टिचकी वाजवून रेकॉर्ड केली आणि किती सरकली ते मोजलं. तो आकडा रीपरच्या (माझ्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये टाकला. मग इंटरफेस बनवणाऱ्यांचा स्वतःचा ड्रायव्हर टाकल्यावर तीही गरज उरली नाही.

न्यू जर्सीकर:
इथे वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे गुणगुण १२० ला येते. काळी एकवाल्यांच्या मंद्र शुद्ध धैवत आणि कोमल निषाद यांच्या मधोमध. खर्जप्रेमींचा पंचम वाचल्यावर आज पहिल्यांदा मोजून पाहिलं. माझ्याकडे चार्जरला अर्थिंग नीट आहे, उलट त्यामुळेच गुणगुण होती. लॅपटॉप एका भिंतीवरच्या सॉकेटला, स्पीकर समोरच्या भिंतीवर, दोन्हींच्या अर्थिंगचा मोठा वेढा तयार झाला होता. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणलं आणि संपलं.

पेटीवाला:
मीही थोडं मागे घेतो. काल माझी जुनी रेकॉर्डिंग साफ करण्याआधीची आणि नंतरची अशी शेजारीशेजारी ऐकली. भाता सोडल्यावर शेवटच्या स्वराची जी शेपटी असते ती कापली गेली आहे. ती गेली हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं, कारण मूळ फाइल मी कधी परत उघडलीच नाही.

पण पैसे खर्च करू नयेत हे अजूनही पटत नाही. माझ्या खोलीत टाइल्स आणि उघड्या भिंती. आवाज घुमायचा. सगळी सेटिंग करून थकलो. शेवटी पैसे खर्चूनच सुटलं, दोन जाड गोधड्या शिवून घेतल्या आणि मागच्या भिंतीवर दोरीला टांगल्या.

खर्जप्रेमी:
गोधड्यांचा खर्च मला मान्य! कारण घुमणं कुठून येतं ते तुम्हाला आधी कळलं होतं. मिक्सरवाल्यांच्या ४८ व्होल्टबद्दलही माझं वाक्य सुधारतो. काय कमी आहे हे नक्की माहीत असेल तर जरूर घ्यावं. माझा राग आहे तो अंदाजाने घेण्यावर. रेकॉर्डिंग तबल्यापेक्षा चढलेलं ऐकू आलं म्हणून नवा इंटरफेस घेणारा एक मित्र मला माहीत आहे. फाइल ४४.१ किलोहर्ट्झची होती आणि व्हिडिओच्या सॉफ्टवेअरने ती ४८ ची समजून वाजवली. दहा मिनिटांचं वादन नऊ मिनिटं अकरा सेकंदांत संपत होतं आणि काळी एकचा तबला पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी बोलत होता. तो बिचारा हातोडीने तबला उतरवत बसला होता.

रियाजी:
आज संध्याकाळी जुना लॅपटॉप बाहेर काढला आणि तुम्ही सांगितलंत तसं चार्जर काढून पाहिलं. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मागे येणारी खरखर गेली नाही. मग एकेक करत गेले. फ्रिज बंद केला, फरक नाही. ट्यूबलाइट, नाही. पंख्याचा रेग्युलेटर दोनवरून पूर्ण पाचवर नेला आणि खरखर एकदम थांबली. पंखा बंद केला तरी थांबते. दोनवर आणला की परत. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे, वेग कमी करायला तो वीज तोडून तोडून देतो असं आमच्या वायरमनने सांगितलं.

दीड तास गेला. रेकॉर्डर मी विकणार नाही, सकाळचा रियाज त्याच्यावरच होईल. पण बाहेरच्या खोलीतला रेग्युलेटर उद्या बदलून घेते, कारण खरखर कळल्यापासून ती मला नुसत्या कानांनीही ऐकू यायला लागली आहे.