मदत हवी आहे : जॉबवर्कच्या जुन्या पीएचपी कोडची साफसफाई नेमकी कोठून सुरू करावी?

नमस्कार मंडळी,

भोसरी आणि चाकण भागातील लहान कारखान्यांना बिलिंग व साठ्याचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या पुण्यातील एका छोट्या कंपनीत मी काम करते. आमचे ग्राहक स्वतःचा माल टर्निंग, ग्राइंडिंग, प्लेटिंग अशा कामांसाठी बाहेर पाठवतात, किंवा दुसऱ्यांच्या मालावर अशी कामे करून देतात; यालाच जॉबवर्क म्हणतात. कोणता माल कोणत्या चलानावर कोणाकडे गेला, किती परत आला आणि किती यायचा बाकी आहे, हा हिशेब म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरचा कणा आहे. तो सगळा हिशेब पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतल्या एकाच फाइलमधल्या एकाच फंक्शनमध्ये असून ते फंक्शन अकराशे ओळींहून मोठे आहे, आणि ज्यांनी ते लिहिले ते आता कंपनीत नाहीत.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा ग्राहकांना दुसऱ्या दिवशी बिले छापायची होती, त्यामुळे त्या वेळच्या घाईला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. अडचण आता त्यात बदल करताना येते. व्हेरिएबलांची नावे ए१, टेम्प२, फ्लॅग आणि न्यूफ्लॅग अशी आहेत. एका ठिकाणी पाठवलेल्या मालाच्या यादीवरून लूप फिरतो. प्रकार १ असेल तर चलानाच्या तारखेत ३६५ मिळवले जातात, प्रकार २ असेल तर १०९५ मिळवले जातात, आणि प्रकार ७ असेल तर काहीही न करता 'कंटिन्यू' म्हणून पुढच्या नोंदीकडे जायचे. या शेवटच्या ओळीवर 'काढू नये' एवढीच कमेंट आहे. का काढू नये, हे कोठेही लिहिलेले नाही. कोड गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात पुष्कळ उशिरा आणल्यामुळे इतिहास पाहायला जावे तर 'सर्व फाइल्स' या नावाच्या एकाच कमिटपाशी (बदलाच्या नोंदीपाशी) वाट संपते.

दुसरा प्रसंग २२ सप्टेंबर २०२५ च्या दरबदलाचा. त्या दिवसापासून बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. आमच्याकडे हे दर जागोजागी आकड्यांत लिहिलेले होते, म्हणून १२ हा आकडा शोधायला घेतला, तर वर्षाचे महिने, डझनाचा हिशेब आणि छापील बिलातल्या रकान्याची रुंदी, असे सगळेच बारा समोर आले. त्यातून खरे बारा वेचून बदलले, आणि मग जुन्या बिलावरची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारे कागदपत्र) नव्या दराने निघू लागली. तीसाठी आणखी एक फ्लॅग (हो-नाही सांगणारी खूण) घालावा लागला.

आता टीममध्ये दोन तट आहेत. एकाचे म्हणणे असे, की हे सगळे बाजूला ठेवून एखादे आधुनिक फ्रेमवर्क घ्यावे आणि कोरी पाटी करावी. दुसऱ्याचे म्हणणे असे, की चालत्या गाड्याला खीळ घालू नये. मला दोन्ही पटत नाहीत. मधला मार्ग काढायचा तर पहिले पाऊल कोणते, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. कोडला एकही ऑटोमेटेड टेस्ट (आपोआप चालणारी तपासणी) नाही. शिवाय एका सहकाऱ्याने प्रयोग म्हणून या फंक्शनचा एक भाग तीन-तीन, चार-चार ओळींच्या फंक्शनांत तोडून दाखवला, तो वाचताना मला मूळ कोडपेक्षाही जास्त वेळ लागला. मग फंक्शन लहान असावे या सल्ल्याचा अर्थ काय घ्यायचा? आणि या कामाला वेळ द्यावा हे मालकांना कोणत्या शब्दांत सांगावे?

प्रतिसाद १

कोरी पाटी करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, आणि त्याचे कारण तुम्हीच दिले आहे. 'काढू नये' ही ओळ नव्याने लिहिणाऱ्याच्या लक्षातही राहणार नाही. अशा कोडमध्ये ग्राहकांच्या तक्रारींतून, ऑडिटच्या शेऱ्यांतून आणि कायद्यातील बारकाव्यांतून आलेले ज्ञान साठलेले असते. ते वाईट अक्षरात लिहिलेले आहे एवढेच.

पहिले पाऊल म्हणजे कोड सुधारणे नव्हे, तर आज तो काय करतो याची नोंद करणे. डेटाबेसमधून जुनी चलाने आणि बिले निवडा, ग्राहकांची नावे व जीएसटी क्रमांक बदलून टाका, आणि आहे त्याच फंक्शनमधून ती चालवून निघालेले उत्तर फाइलमध्ये साठवा. निवड करताना नेहमीच्या बिलांपेक्षा अडचणीची बिले अधिक घ्या : अंशतः परत आलेला माल, रद्द झालेले चलान, दरबदलाच्या आदल्या दिवशीचे बिल आणि त्यावर नंतर निघालेली क्रेडिट नोट, मार्चअखेरची नोंद. यापुढे कोडमध्ये काहीही हलवले की हीच चलाने पुन्हा चालवायची आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहायची. साठवलेले एखादे उत्तर उघड चुकीचे दिसले तरी त्या घडीला ते तसेच राहू द्या आणि वेगळ्या यादीत टिपून ठेवा. साफसफाई आणि चूकदुरुस्ती एकाच कमिटमध्ये केली, की उत्तर कशामुळे बदलले हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

त्यानंतर गणित वेगळे काढा. माझा अंदाज असा आहे, की त्या अकराशे ओळींमध्ये डेटाबेसची क्वेरी, कराचे गणित आणि एचटीएमएलची छपाई एकमेकांत गुंतलेली असणार. ज्या फंक्शनला तारीख, रक्कम आणि वस्तूचा एचएसएन कोड (वर्गीकरणाचा क्रमांक) दिला की दर परत मिळतो, आणि जे डेटाबेसला किंवा पडद्याला हात लावत नाही, ते तपासायला सर्वांत सोपे. तुमचा क्रेडिट नोटचा फ्लॅगही यातच विरघळेल, कारण क्रेडिट नोट ही मूळ पुरवठ्याचीच दुरुस्ती असते. दर विचारताना आजच्या तारखेऐवजी मूळ बिलाची तारीख दिली की वेगळ्या फ्लॅगची गरज राहत नाही. दरांचे एक टेबल करून त्यात 'या तारखेपासून' आणि 'या तारखेपर्यंत' असे दोन रकाने ठेवा, म्हणजे पुढचा दरबदल ही कोडची नव्हे, टेबलातली एक नोंद होईल.

जाता जाता : रकमा फ्लोटमध्ये (दशांश संख्या अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) असतील तर गणित वेगळे काढताना एखाद्या पैशाचा फरक दिसू शकतो. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज फ्लोटमध्ये नेमकी ०.३ येत नाही, हे सर्वांना माहीत असते, आणि तरी बिलात फ्लोट सापडतोच. रक्कम पूर्णांक पैशांत ठेवा किंवा बीसीमॅथ (पीएचपीतील अचूक दशांश गणिताची सोय) वापरा. मात्र हा बदलही स्वतंत्र कमिटमध्ये करा.

प्रतिसाद २

मी प्रोग्रामर नाही. चिंचवडमधील एका टूलरूमचे हिशेब पाहतो. तुमचा प्रकार ७ हा माझ्या अंदाजाने मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल्स यांचा असावा. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कसाठी पाठवलेला माल एका वर्षात परत यावा लागतो आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत. तुमचे ३६५ आणि १०९५ तेच. परंतु मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल्स यांना तीन वर्षांच्या अटीतून वगळलेले आहे, कारण ती जॉबवर्करकडे वर्षानुवर्षे राहतात. ती ओळ काढली असती तर तुमच्या ग्राहकांच्या जुन्या डाय 'मुदत संपलेला माल' म्हणून यादीत आल्या असत्या आणि आमच्यासारख्यांनी तुम्हाला फोन केले असते. वस्तूंच्या मास्टरमध्ये (मुख्य यादीत) ७ समोर काय लिहिले आहे, ते पाहून कळवावे.

प्रतिसाद ३

फंक्शनच्या लांबीबद्दल. ओळींची संख्या हे माप सोयीचे असले तरी बरोबर नाही. टॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी हे माप मांडले. त्यात फंक्शनमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटा मोजतात आणि १० ही वाजवी मर्यादा मानतात. चाळीस ओळींचे, एकही 'इफ' (अट) नसलेले फंक्शन वरपासून खालपर्यंत सहज वाचता येते. बारा ओळींत चार पातळ्यांचे 'इफ' असतील तर ते वाचता येत नाही. तुमच्या सहकाऱ्याच्या प्रयोगात बहुधा असे झाले असावे, की तुकड्याला नाव देण्याजोगा अर्थ नसतानाही तो तोडला गेला. आतला कोड न उघडता केवळ नावावरून काय मिळेल हे समजत असेल तरच नवे फंक्शन काढावे. 'चलानाची मुदत काढा' हे नाव तसे आहे. 'प्रक्रिया भाग दोन' हे नाही.

आणखी एक सावधगिरी. ३६५ हा आकडा तुम्हाला इतरत्रही सापडेल, उदाहरणार्थ मशीनच्या वार्षिक देखभाल करारात. तो पाहून दोन्हींसाठी एकच कॉन्स्टंट (नाव दिलेला ठरावीक आकडा) करण्याचा मोह होईल, तो टाळावा. एकाचे कारण कायदा आहे, दुसऱ्याचे कारण ग्राहकाशी झालेला करार. दोन्ही आज सारखे आहेत हा योगायोग आहे. उद्या एक बदलला तर दुसरा विनाकारण बदलेल. पुनरावृत्ती नको हा नियम आकड्यांना लागू नाही, त्यामागच्या कारणांना लागू आहे.

तुम्ही पीएचपीच्या कोणत्या आवृत्तीवर आहात हे लिहिलेले नाही. ७ वरून ८ वर जायचे असेल तर साफसफाईच्या मध्येच जाऊ नका. पीएचपी ८ पूर्वी शून्य आणि रिकामी स्ट्रिंग (मजकूर) यांची दुहेरी बरोबरच्या चिन्हाने तुलना केली, तर उत्तर 'खरे' येत असे. ८ पासून ते 'खोटे' येते. ज्या कोडमध्ये प्रकार रिकामा असण्याची शक्यता आहे तेथे हा फरक गुपचूप निकाल बदलतो.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मास्टरमध्ये ७ समोर 'टूलिंग' असेच लिहिलेले निघाले, त्यामुळे टूलरूमच्या काकांचा अंदाज तंतोतंत बरोबर आहे. आम्ही अद्याप पीएचपी ७.४ वर आहोत आणि आवृत्तीचा विषय वेगळा ठेवत आहोत.

जुन्या चलानांची उत्तरे साठवून घेतली आहेत. कॉन्स्टंटना 'जॉबवर्क_कच्चामाल_मुदत_दिवस' आणि 'जॉबवर्क_भांडवली_मुदत_दिवस' अशी नावे देण्याचा विचार आहे, आणि 'काढू नये' च्या जागी अशी कमेंट लिहिली आहे : 'मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर, टूल्स यांना कलम १४३ मधील परतीची मुदत लागू नाही.' ही पुरेशी आहे का?

मालकांचा प्रश्न मात्र तसाच आहे. 'ग्राहकाला यातले काय दिसणार?' असे त्यांनी विचारले.

प्रतिसाद ४

कमेंट उत्तम आहे. कोड काय करतो हे कोड सांगतोच; कलमाचा क्रमांक कोड सांगू शकत नाही, तो कमेंटनेच सांगायला हवा.

कॉन्स्टंटच्या नावांबाबत मात्र थांबा. नाव दिल्यामुळेच आतली चूक दिसू लागली आहे. कायद्यात 'एक वर्ष' आहे, ३६५ दिवस नाहीत. १ जुलै २०२३ च्या चलानात ३६५ मिळवले तर ३० जून २०२४ येते, कारण मध्ये २९ फेब्रुवारी आहे. म्हणजे २९ फेब्रुवारी ओलांडणाऱ्या प्रत्येक चलानाची मुदत तुमचे सॉफ्टवेअर एक दिवस आधी संपवते, आणि तीन वर्षांच्या बहुतेक मुदतींत एक लीप वर्ष येतेच. पीएचपीच्या डेटटाइम या तारखांच्या सोयीत थेट वर्ष मिळवता येते. त्यातही २९ फेब्रुवारीच्या चलानात एक वर्ष मिळवले तर पीएचपी १ मार्च देते, तेव्हा त्या दिवशी काय करायचे ते तुमच्या कर सल्लागारांना विचारून टेस्टमध्ये लिहून ठेवा. ही चूकदुरुस्ती आहे, म्हणून वर सांगितल्याप्रमाणे वेगळ्या कमिटमध्ये.

मालकांना 'क्लीन कोड' हा शब्द सांगूच नका. मागच्या दरबदलाच्या वेळी किती जणांना किती काळ त्याच कामावर बसावे लागले आणि किती ग्राहकांना दुरुस्त बिले पाठवावी लागली, ते कागदावर मांडा. त्यांना वेगळा साफसफाईचा महिना मागू नका, तो मिळणार नाही आणि मिळाला तरी पहिल्या तातडीच्या फोनबरोबर परत जाईल. ज्या कामासाठी त्या फाइलला हात लावावाच लागणार आहे, त्याच कामाच्या अंदाजात तेवढ्या भागाची साफसफाई धरा.

प्रतिसाद ५

पुन्हा टूलरूममधून. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहिली. याच कलमात आयुक्तांना मुदत वाढवून देण्याचा अधिकार आहे : मालासाठी आणखी एक वर्षापर्यंत आणि भांडवली वस्तूंसाठी आणखी दोन वर्षांपर्यंत. तेव्हा मुदत प्रत्येक चलानागणिक वेगळी असू शकते. आमच्याकडे सध्या तशी चलाने रजिस्टरमध्ये हाताने लिहून ठेवतात, कारण सॉफ्टवेअरमध्ये ती नोंदवायला जागाच नाही.

धागाकर्तीचे उत्तर

काका, आमच्याकडेही ती जागा नाही. मग मुदतीची तारीख चलानाच्या टेबलातच साठवते. चलान तयार होताना ती एक किंवा तीन वर्षांनी भरली जाईल, मुदतवाढ मिळाली तर आदेशाच्या क्रमांकासह बदलता येईल आणि टूलिंगसाठी रिकामी राहील. असे केले तर थकीत मालाच्या यादीच्या लूपमधला प्रकाराचा 'इफ' तिन्ही ठिकाणी निघून जातो, आणि तेथे आजची तारीख व साठवलेली तारीख यांची एक तुलना उरते. जुन्या चलानांच्या तारखा भरण्याची स्क्रिप्ट लिहून झाली की ती येथे तपासायला देते.