'नॉर्थ अँड साउथ'मधलं हेल्स्टन खरंच तितकं गोड आहे का?

पानगळ:
एलिझाबेथ गॅस्केलची ही कादंबरी परवा दुसऱ्यांदा वाचून संपवली. पहिल्या खेपेला माझा हिशेब सरळ होता. हेल्स्टन म्हणजे इंग्लंडच्या दक्षिणेतलं गाव, गुलाब आणि न्यू फॉरेस्टची झाडी, मिल्टन म्हणजे उत्तरेतलं शहर, धूर, गिरण्या आणि संप. गाव चांगलं, शहर वाईट.

या वेळी मात्र एका प्रसंगाशी थबकले. संपानंतर हिगिन्स या गिरणी कामगाराला गिरणीत कुणी कामावर घेईना, तेव्हा तो दक्षिणेत शेतमजुरीला जायचं म्हणतो. आणि ज्या नायिकेचा, मार्गारेटचा, जीव हेल्स्टनमध्ये अडकलेला, तीच त्याला अडवते. रोज तेच ढोरकष्ट, पावसापाण्यात राबणं, रात्री घरी आल्यावर चार शब्द बोलायचंही त्राण उरत नाही. तुला ते सोसायचं नाही, म्हणते.

पुढे ती स्वतः हेल्स्टनला जाते, तर मांजराची ती गोष्ट कानावर येते. एका बाईने नवऱ्याचे रविवारचे कपडे जिप्सी बाईला दिले, ते परत येईनात. मग नवऱ्याच्या धाकाने तिने दुसरीचं मांजर चोरून जिवंत भाजलं, का तर त्याच्या किंकाळ्यांनी मनातली इच्छा पुरी होते अशी समजूत. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. ज्या म्हातारीचं मांजर गेलं, तिलाही हे क्रूर वाटतं, पण उपाय खोटा वाटत नाही!

गॅस्केलने हे मुद्दाम केलं असेल का? आणखी कुणी गाव असं दाखवलंय?

काजळमाया:
मुद्दामच, असं माझं ठाम मत आहे. बाई नट्सफोर्डसारख्या लहान गावात वाढल्या आणि 1832 मध्ये लग्न होऊन मँचेस्टरला आल्या. दोन्हीकडचं पाणी प्यायलेल्या. 1854 मध्ये 'हाउसहोल्ड वर्ड्स' या डिकन्सच्या साप्ताहिकात आधी डिकन्सची 'हार्ड टाइम्स' आणि लगेच ही, अशा लागोपाठ छापल्या गेल्या. डिकन्स संप पाहायला प्रेस्टनला जाऊन आला होता. त्याच्या कादंबरीतल्या कोकटाउन या गिरण्यांच्या शहरातला धुराचा साप आणि वेड्या हत्तीसारखं डोकं हलवणारं इंजिन विसरता येत नाही, पण ते पाहुण्याला दिसलेलं शहर. गॅस्केलचा हिगिन्स शेजारचा माणूस वाटतो.

दवबिंदू:
मला तर या दोहोंच्या मधली वाट जास्त आवडते. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये (1814) लंडनहून आलेल्या मेरी क्रॉफर्डची हार्प नॉर्दम्प्टनपर्यंत येऊन अडकते. पैसे टाकले की गाडी मिळेल, हा तिचा लंडनचा हिशेब. पण गवताची कापणी चालू! अख्ख्या गावात कुणी गाडी द्यायला तयार नाही, आणि मागितली म्हणून लोक उलट नाराज.

तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारं म्हणाल तर हार्डीची 'टेस' (1891). दुधाच्या फार्मवर काम करणारी टेस आणि तिचा प्रियकर एंजल भर पावसात दुधाचे कॅन घेऊन स्टेशनवर जातात. उद्या सकाळी लंडनचे लोक हे दूध पितील, आपण कधी न पाहिलेले लोक, असं ती म्हणते. एंजल सांगतो, पितील, पण असं नाही, आधी पातळ करून.

पानगळ:
दवबिंदू, तो भाग आत्ता पुन्हा काढून वाचला. गाडी येते आणि इंजिनाचा उजेड क्षणभर टेसवर पडतो. ती हॉलीच्या झाडाखाली निश्चल उभी. गाडीतून कुणी पाहिलं असतं तर त्याला केवढं सुंदर गाव दिसलं असतं! तिचे दंड उघडे आहेत, तोंड आणि केस पावसाने भिजलेत.