मदत हवी आहे: तीन शनिवार फुकट गेले, इंजेरा बंद करू का?

पळपुट्या: लवकर सांगा लोकहो, उद्या परत शनिवार. काउच टू फाइव्ह के करतोय, म्हणजे न पळणाऱ्याला हळूहळू पाच किलोमीटर पळायला शिकवणारा कार्यक्रम. पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी सलग २० मिनिटं पळायचं असतं, ते काही केल्या जमत नाहीये. अकराव्या मिनिटाला पायात शिसं भरतं, छाती धडधडते. शुक्रवारी रात्री आम्ही इथिओपियन खायला जातो. इंजेरा जड पडतोय का? हो की नाही, एवढंच सांगा.

टेकडीवाला: राहता कुठे, वय काय, खाता किती वाजता, पळता किती वाजता? कुंडली मांडून सांगू का?

पळपुट्या: सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड. वय ४१. सकाळी सहाला स्लायगो क्रीकच्या वाटेवर. आता सांगा.

मीठभाकर: पळणं सोडा. रोज १२ सूर्यनमस्कार घाला. मी सहा वर्षं घालतोय, साधी सर्दी नाही.

टेकडीवाला: त्यांना सर्दी झालेली नाहीये.

मीठभाकर: पळून गुडघे गेलेले दहा जण दाखवतो!

टेकडीवाला: मी ५८ चा आहे. रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतो, गुडघे जागेवर आहेत. बघायला या.

मनूमावशी: अरे, इंजेरा म्हणजे आपली आंबोळीच की. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवतात. ती कशी जड पडेल? लेकीकडे गेले होते तेव्हा खाल्ली. शिरो तर हुबेहूब पिठलं! बुधवार-शुक्रवार त्यांचा उपास, दूध-अंडीसुद्धा चालत नाहीत. तू शुक्रवारचं उपासाचंच ताट घेत जा.

घाटावरचा: उडीद नाही तर आंबोळी कसली?

मनूमावशी: बरं, घावन म्हण.

घाटावरचा: घावन आंबवत नाहीत!!

खुशालचेंडू: इंजेरा सोडा, लँगली पार्कला जाऊन साल्वादोरच्या पुपुसा खा. मक्याच्या जाड भाकरीत बीन्स-चीज, सोबत आंबट कोबी. मी चार खातो. पळत नाही.

पळपुट्या: धागा माझा आहे हो.

सावकाश_जा: आठवड्यातले बाकीचे दोन दिवस कसे जातात?

पळपुट्या: मंगळवारी ५-५-५ मिनिटं, गुरुवारी ८-८, मधे चालत, आरामात. म्हणूनच म्हणतोय, शुक्रवारचं जेवणच नडतंय.

सावकाश_जा: ८ वरून एकदम २० ही उडी सगळ्यांनाच अवघड जाते. शेजारच्याशी बोलता येईल इतकं हळू पळा. पण शुक्रवारी झोप लागते का?

पळपुट्या: दोन वाजतात. पोट भरलेलं असतं म्हणून असेल.

सावकाश_जा: जेवणानंतर काय घेता?

पळपुट्या: काही नाही. कॉफी.

टेकडीवाला: किती??

पळपुट्या: तीन कप. साडेनऊला. पण रीतच आहे ती. मालकीणबाई हिरव्या बिया समोर भाजतात, धुरासकट ते भांडं प्रत्येकाच्या नाकाजवळ फिरवतात, मग जेबेनातून, म्हणजे मातीच्या सुरईतून, लांब धार धरून ओततात. सोबत पॉपकॉर्न. पहिला अबोल, दुसरा तोना, तिसरा बराका. तिसरा आशीर्वादाचा, तो नाकारायचा कसा? आणि कप बिनकानाचे, एवढेएवढेसे असतात.

टेकडीवाला: अहो महाराज! आणि फाशी इंजेऱ्याला?

सावकाश_जा: निम्मं कॅफिन उतरायलाच पाचेक तास जातात. तुम्ही चार तासांच्या झोपेवर पळताय. एक शुक्रवार कॉफीविना काढून बघा. तरीही धडधडलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, इथे विचारत बसू नका.

मीठभाकर: सूर्यनमस्काराला कॉफी आडवी येत नाही.

पळपुट्या: कॉफीच नाही तर तिथे जायचं कशाला? त्यापेक्षा पळणं रविवारवर ढकलतो. शनिवारी नवरा-बायको दोघंही दहापर्यंत लोळू.

खुशालचेंडू: शनिवारी दुपारी पुपुसा.

मनूमावशी: तिकडून कुणी पुण्याला येणार असेल तर दोन किलो टेफचं पीठ आणाल का? या घाटावरच्याला करूनच खायला घालते.