रॅम ओव्हरक्लॉक करून पदरात काय पडतं? जाणकारांनी सांगावं

अल्बमवाला | शनिवार, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ करतो. कॉम्प्युटरमधलं कळतं ते कामापुरतं, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मशीन असं आहे: प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, बी४५० चा मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. घेणार होतो, पण तेवढ्यात एक लेन्स स्वस्तात मिळाली आणि पैसे तिकडे गेले. दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका दुकानातून जोडून आणलं. रॅमच्या पाकिटावर ठळक ३२०० आणि बारीक अक्षरात सीएल १६ लिहिलंय. पाकीट अजून जपून ठेवलंय.

सुट्टीला भाचा आलाय. परवा त्याने टास्क मॅनेजर उघडला, मेमरीवर क्लिक केलं आणि म्हणाला, "मामा, तुला गंडवलंय. ही २४०० वर चाललीय." मग सीपीयू-झेड म्हणून काहीतरी टाकलं, तर त्यात १२०० च! ३२०० चे पैसे घेऊन १२०० चा माल? मी गाडीची किल्ली घेऊन निघालोच होतो. बायको म्हणाली, आधी कुणाला तरी विचारा, मग भांडा. म्हणून इथे आलो.

भाच्याचं म्हणणं, ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून, ३६०० ला नेऊ, जमलं तर ४०००. पोरगं रात्रभर बसायला तयार आहे. पण सध्या लगीनसराई आहे, दोन लग्नांचं काम अर्धवट पडलंय आणि मशीन एकच. दीड तासाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट व्हायला आत्ता १ तास २२ मिनिटं लागतात. त्यात अर्धा तास वाचणार असेल तर दोन रात्री घालवायला माझी ना नाही. पाच मिनिटंच वाचणार असतील तर पोराला आमरस खाऊ घालतो आणि गप बसवतो.

एवढा खटाटोप खरंच करण्यासारखा आहे का?


रात्रीचा_गेमर | शनिवार, रात्री १०:४१

काका, बिनधास्त करा! ५६००जी ला स्वतःची ग्राफिक्स मेमरी नसते, आतली व्हेगा (चिपमधलंच ग्राफिक्स) तुमच्या रॅममधूनच खाते. त्यामुळे रॅमच्या स्पीडचा फरक या चिपवर जेवढा दिसतो तेवढा ग्राफिक्स कार्डवाल्यांना दिसत नाही. माझी पण ५६००जी च आहे. ३२०० ची रॅम ४००० ला चालवतो, इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतला जोडरस्ता) २००० ला, रॅमच्या ठोक्यांशी एकास एक. व्होल्टेज १.४२.

चार रात्री गेल्या आणि सीमॉस (बोर्डाची सेटिंग साठवणारी मेमरी) नऊ वेळा क्लिअर केला. शेवटी सेल काढायचा कंटाळा येऊन जंपरवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवायला शिकलो. पण लई मजा आली राव.


रात्रीचा_गेमर | शनिवार, रात्री १०:४१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला.


हळद_आडत | शनिवार, रात्री ११:५२

अल्बमवाले, वहिनींनी थांबवलं ते बरं केलं. १२०० बघून दुकानात गेला असतात तर तुमचंच हसं झालं असतं.

डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. घड्याळाच्या एका ठोक्याला माल दोनदा हलतो. सीपीयू-झेड ठोके मोजतं म्हणून १२००, टास्क मॅनेजर खेपा मोजतो म्हणून २४००. दोन्ही खरं.

३२०० ची रॅम २४०० वर का, तर त्या ३२०० सीएल १६ ला १.३५ व्होल्ट लागतात. डीडीआर४ चा ठरलेला दाब १.२. बोर्डाला कुणी सांगेपर्यंत तो बिचारा ठरल्या दाबावर, सावकाश चालवतो. सांगायचं कुठे, तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर. मशीन चालू होताना डिलीट नाहीतर एफ२ दाबत राहा, आत एक्सएमपी म्हणून सेटिंग असेल. एमएसआयच्या बोर्डावर ए-एक्सएमपी, असूसवर डीओसीपी. ते चालू करायचं, सेव्ह करून बाहेर. दोन मिनिटांचं काम, आणि दुकानदाराने पहिल्याच दिवशी करून द्यायला हवं होतं. पैसे तुम्ही याचेच दिलेत.

त्याआधी एक करा. बाजूचं झाकण काढा आणि दोन्ही रॅम कुठल्या खाचांत आहेत ते बघून इथे लिहा. चार खाचा असतील आणि रॅम शेजारी-शेजारी बसवल्या असतील, तर दोन्ही एकाच चॅनेलवर आहेत. म्हणजे दोन पदरी रस्ता बांधून एकाच पदरातून ट्रक सोडण्यातला प्रकार. हिशेब सांगतो: २४०० ला एक चॅनेल सेकंदाला १९.२ जीबी नेतो. ३२०० ला २५.६, आणि दोन्ही चॅनेल उघडले की ५१.२. अडीच पटीच्या वर गेलं, आणि यात ओव्हरक्लॉकिंग म्हणावं असं अजून काही केलंच नाही.

आता भाच्याचं ३६००. बाजारात ३६०० सीएल १८ च्या रॅम मिळतात, तुमच्या ३२०० सीएल १६ ला ढकलून पोरगं साधारण तिथेच जाईल. सीएल म्हणजे माल मागितल्यापासून यायला लागणारे ठोके. पहिलं अक्षर हातात यायला लागणारा वेळ काढायचा असेल तर सीएल गुणिले २०००, भागिले स्पीड. १६ गुणिले २००० भागिले ३२०० म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० ला सीएल १८ धरा: तेही १० नॅनोसेकंद. रुंदी थोडी वाढते, गेमरला ती दिसेल, खोटं बोलत नाही. तुमच्या एक्स्पोर्टला चार-दोन मिनिटं मिळाली तर मिळाली.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही, भोगलेलं सांगतोय, म्हणून जरा लांबण लावतो. झोप येत असेल तर उद्या वाचा.

चार-पाच वर्षांपूर्वी मला हा नाद लागला. मार्केट यार्डात आमची हळदीची आडत आहे, हिशेबाचं मशीन गाळ्यावर. हौसेने आय५ १०६००के आणि झेड४९० चा बोर्ड घेतला होता. हिशेबाला तो हत्ती कशाला, असं वडील रोज विचारायचे. थंडीत, संध्याकाळी सौदे उरकले की मी बायोसमध्ये. ३२०० ची रॅम ४००० ला नेली, १.४५ व्होल्ट. मग टायमिंग, म्हणजे कुठल्या कामाला किती ठोके थांबायचं ते आकडे, एकेक करून आवळले. शेवटी राहिलं टीआरईएफआय. नाव अवघड, प्रकार सोपा आहे.

रॅममधला एकेक बिट म्हणजे पाझरता रांजण. आतला विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ पुन्हा भरून काढावी लागते. त्यासाठी सरासरी ७.८ मायक्रोसेकंदांना एक भरणीचा हुकूम सुटतो, आणि भरणी चालू असताना तिथलं वाचन-लेखन थांबतं. टीआरईएफआय म्हणजे दोन भरण्यांमधलं अंतर. माझ्या स्पीडला ते १५६०० ठोके येत होतं, मी ६५५३५ केलं. चौपटीहून जास्त. भरणी कमी, थांबणं कमी, आकडे झकास. मेमटेस्ट८६, म्हणजे रॅम तपासायची टेस्ट, रात्रभर लावली, सकाळी शून्य एरर. जग जिंकलं.

काय जिंकलं? रोजच्या बॅकअपची झिप व्हायला ३ मिनिटं १० सेकंद लागायची, ती २ मिनिटं ५० वर आली. वीस सेकंद. बाकी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ढिम्म फरक नाही. तीस तास तरी घालवले असतील मी. रोज एक बॅकअप धरला तर ते तीस तास वसूल व्हायला ५४०० दिवस, जवळजवळ पंधरा वर्षं.

एप्रिल आला. वर्षअखेरीचे हिशेब सीएकडे पाठवले, त्यांचा फोन: झिप उघडत नाही, सीआरसी एरर, म्हणजे आतला माल बिघडलेला. परत करून पाठवली, उघडली. चार दिवसांनी मागच्या बॅकअप तपासल्या तर सातातल्या तीन फुटलेल्या. मी म्हटलं हार्ड डिस्क गेली. आधी केबल बदलली. मग डिस्क बदलली, ज्याच्याकडून घेतली त्याच्याशी भांडलो, बिचारा ऐकून घेत होता. नव्या डिस्कवरही तेच. मग एका दुपारी फायलींच्या वेळा बघता बघता डोक्यात प्रकाश पडला. सकाळी दहाच्या सगळ्या चांगल्या. फुटलेल्या होत्या त्या दुपारी दोन ते चारमधल्या.

आमच्या गाळ्यावर पत्रा आहे. हंगामाचे दिवस, दारात पोती फुटतायत, हवेत हळद. झाकण काढलं तर पंख्याची पाती पिवळीधमक आणि रॅमवर बोटाने नाव लिहिता येईल असा थर. रांजण उन्हात जास्त पाझरतो, मेमरीचंही तसंच, तापली की भार लवकर गळतो. आणि मी शहाण्याने भरणीच चौपट लांबवली होती. जानेवारीच्या रात्री पास झालेली मेमटेस्ट त्या दुपारी लावली, अकराव्या मिनिटाला लाल ओळी. भांडलो होतो त्या दुकानदाराला दुसऱ्या दिवशी भडंग घेऊन भेटायला गेलो.

मशीन बंद पडलं असतं तर परवडलं असतं. त्या सगळ्या काळात ते एकदाही अडकलं नाही, निळा पडदा नाही, काही नाही. आपल्या साध्या रॅममध्ये चूक पकडायची सोय नसते. एक बिट उलटला की चुकीचाच माल डिस्कवर खरा म्हणून लिहिला जातो. माझे हिशेब मूळ फायलीतून परत काढता आले. तुम्ही कॅमेऱ्याच्या कार्डावरून व्हिडिओ कॉपी करणार, कार्ड पुसून दुसऱ्या लग्नाला नेणार, आणि अक्षता पडतानाच्या क्लिपमध्ये हिरवे चौकोन आले तर काय करणार? नवरा-नवरीला परत उभं करणार?

तेव्हा खाचा बघा, एक्सएमपी लावा, मेमटेस्ट घ्या, आणि बायोस बंद. भाच्याला हौस असेल तर जुनं मशीन द्या, त्यावर काय आवळायचं ते आवळू दे. हातात थोडे पैसे असतील तर ग्राफिक्स कार्डाकडे बघा. रॅम वाढवावी म्हणाल तर सध्या रॅमचा भाव हळदीपेक्षा जास्त उड्या मारतोय.


मिरजेचा_मी | रविवार, सकाळी ८:०५

आडतवाल्यांना +१. शिवाय एक्स्पोर्ट होताना टास्क मॅनेजर उघडा ठेवा. सोळा जीबी भरून डिस्क शंभर टक्के दिसत असेल तर रॅम ३२०० असो नाहीतर ४०००, मशीन रडणारच. मग एकच उपाय, रॅम जास्त टाकणे.


रात्रीचा_गेमर | रविवार, सकाळी ११:२०

काका, पण एएम४, म्हणजे आमच्या रायझनच्या, बोर्डावर टीआरईएफआय हाताने बदलता येत नाही. तुमचा किस्सा इंटेलचा आहे.


हळद_आडत | रविवार, सकाळी ११:४८

बरोबर आहे पोरा, त्या एका आकड्यातून रायझनवाले सुटले. टीआरएफसी, म्हणजे एका भरणीला दिलेला वेळ, आवळलाय की नाही? आणि १.४२ व्होल्ट? ऊन तुमच्या होस्टेलवरही पडतं. तुझी टेस्ट किती वाजता घेतली होतीस?


रात्रीचा_गेमर | रविवार, सकाळी ११:५५

रात्री 😅


अल्बमवाला | सोमवार, रात्री ९:३०

मंडळी, उशीर झाला, काल कवठेमहांकाळला लग्न होतं.

झाकण काढलं. आडतवाले, तुम्ही काय ज्योतिषी आहात का? दोन्ही रॅम प्रोसेसरच्या बाजूच्या पहिल्या दोन खाचांत, खेटून. दोन वर्षं मी एका पदरावरून ट्रक सोडत होतो. बोर्डाच्या पुस्तिकेत दुसरी आणि चौथी खाच असं चित्रासकट दाखवलंय. ती पुस्तिका मी काल रात्री पहिल्यांदा उघडली, तेव्हा आपणही धुतल्या तांदळाचे नाही.

बदलून बटण दाबलं तर पडदा काळा. पंखे फिरतायत, बंद होतायत, परत फिरतायत. अर्ध्या मिनिटात माझ्या डोळ्यांपुढून दोन्ही लग्नं गेली. भाचा म्हणाला, मामा थांब, ट्रेनिंग चाललंय, बोर्ड रॅम जोखून बघतोय. तरी काही येईना. शेवटी कळलं, एक रॅम नीट बसलीच नव्हती. दाबल्यावर टक् आवाज आला आणि चालू झालं. मग एक्सएमपी. टास्क मॅनेजरमध्ये आता ३२००.

तोच व्हिडिओ, तीच सेटिंग: १ तास ४ मिनिटं. अठरा मिनिटं वाचली. त्याहून मोठा फरक एडिटिंग करताना जाणवतो. टाइमलाइन मागे-पुढे ओढली की आधी चित्र अडखळत यायचं, आता माऊसबरोबर येतं. मिरजेचे मी, तुम्ही सांगितलेलंही बघितलं: एक्स्पोर्टला १३ जीबीपर्यंत जातं, भरत नाही.

दुकानात गेलो नाही. फोन मात्र केला. पुढच्या गिऱ्हाईकाला तरी दुसऱ्या-चौथ्या खाचेत बसवा म्हटलं, तर "हो का, बघतो" म्हणाले.

भाचा जरा हिरमुसलाय, त्याला ४००० चा आकडा बघायचा होता. माळ्यावरचं जुनं मशीन काढून दिलंय. त्यात आधीच्या पिढीची डीडीआर३ रॅम आहे, पण तो खूश आहे. मेमटेस्टही काल रात्री लावली, चारही पास पूर्ण, शून्य एरर.


हळद_आडत | सोमवार, रात्री ९:४४

अभिनंदन. पण टेस्ट रात्रीच लावलीत ना?


अल्बमवाला | सोमवार, रात्री ९:५१

हो. एसी लावून.


हळद_आडत | सोमवार, रात्री ९:५२

मग उद्या दुपारी दोनला परत. एसी बंद करून.