गाडीत डॅशकॅम: वायरिंग घरच्या घरी जमेल का?

प्रेषक: मंदार
मंडळी नमस्कार,

दिवाळी फराळाचा हिशोब अजून चालूच आहे, त्यात माझा हा वेगळाच प्रश्न. परवा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये कुणीतरी माझ्या गाडीचा मागचा दरवाजा घासून निघून गेलं. पोलिसांत तक्रार दिली, पण साक्षीदार नाही म्हटल्यावर त्यातून काय निघणार ते दिसतंच आहे. म्हणून डॅशकॅम, म्हणजे काचेवर लावून रस्ता टिपणारा कॅमेरा मागवला, पुढचा आणि मागचा. गाडी २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया.

पुण्यात भावाने ॲक्सेसरीवाल्याकडे गाडी लावली आणि चहा होईस्तोवर काम उरकलं. इथल्या जर्मन वर्कशॉपने नुसत्या बसवण्याचा जो आकडा सांगितला त्यात आणखी एक कॅमेरा येईल. तेव्हा आपणच हात घालावा म्हणतोय. किटमध्ये लाल, पिवळी आणि काळी अशा तीन वायरी आहेत. कुठली कुठे जोडायची? पार्किंग मोड (गाडी बंद करून उभी असतानाही कॅमेरा चालू) ठेवला तर बॅटरी बसेल का? आणि बायको म्हणते, हा प्रकारच जर्मनीत बेकायदा आहे. खरं का?

मंदार

*

प्रेषक: निखिल

एवढी उठाठेव कशाला? लायटरच्या सॉकेटमध्ये प्लग घाल आणि मोकळा हो. माझा तसाच चालतो. वायर लोंबते, पण चालतो.

*

प्रेषक: श्रीकांत

मंदार,

निखिलचा उपाय वाईट नाही. फक्त लोंबणारी वायर गिअरपाशी येऊ देऊ नकोस, आणि सॉकेटवरून पार्किंग मोड मिळणार नाही हे धरून चाल. तुला तो हवाच असेल तर पुढचं वाच.

काळी वायर अर्थ. लाल ती चावी चालू असतानाच करंट मिळणाऱ्या फ्यूजला, पिवळी कायम चालू असणाऱ्याला. बहुतेक किटमध्ये असंच असतं, पण काही कंपन्या लाल-पिवळी उलट वापरतात, तेव्हा सोबतची चिठ्ठी आधी बघ. जर्मन आकृत्यांमध्ये हे रंगाने नाही, आकड्यांनी लिहिलेलं असतं: क्लेमं १५ म्हणजे इग्निशननंतरचा, ३० म्हणजे बॅटरीचा थेट प्लस, ३१ म्हणजे अर्थ. हे तीन आकडे डोक्यात ठेवलेस की कुठल्याही जर्मन गाडीची आकृती वाचता येईल.

तुझ्या गाडीत फ्यूजबॉक्स स्टिअरिंगच्या डावीकडे, छोट्या कप्प्याच्या मागे आहे. कुठलीही वायर कापायची किंवा सोलायची नाही. फ्यूज टॅप मिळतो, म्हणजे फ्यूजच्या खाचेत बसून आणखी एक वायर काढून देणारा जोड, तो आण. मात्र आधी एक फ्यूज उपसून त्याचा आकार बघ. मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो-२, सगळे दिसायला भाऊभाऊ, पण एकाचा टॅप दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेलच असं नाही. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग, इंजिन यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. सॉकेट, मागचा वायपर असली बिनमहत्त्वाची मंडळी निवड.

आता जे बहुतेक व्हिडिओंमध्ये कुणी दाखवत नाही ते. फ्यूज काढल्यावर खाचेत दोन पाती दिसतात. मल्टिमीटरचं काळं टोक अर्थला धर आणि लाल टोक एकेका पात्याला लाव. जिथे १२ व्होल्ट दिसतील ती पुरवठ्याची बाजू. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामाईक आहे तो त्या बाजूला आला पाहिजे. उलटा बसवला तरी कॅमेरा चालतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण मग कॅमेऱ्याचा करंटसुद्धा गाडीच्या जुन्या फ्यूजमधून जातो आणि त्याच्यावर विनाकारण भार पडतो. टॅपमध्ये कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरे.

अर्थ बॅटरीच्या मायनसवर थेट घेऊ नकोस. स्टार्ट-स्टॉपच्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाड्यांत तिथे बॅटरीवर नजर ठेवणारा सेन्सर असतो, त्याला चकवून घेतलेला करंट गाडीच्या हिशोबात येत नाही. फ्यूजबॉक्सजवळ बॉडीच्या पत्र्यात घुसलेला एखादा बोल्ट शोध, सैल कर, रिंग अडकव, घट्ट कर. प्लॅस्टिकमध्ये घुसलेला स्क्रू म्हणजे अर्थ नव्हे.

वायर आरशामागून वर, छताच्या अस्तराच्या कडेत बोटाने दाबत डाव्या बाजूला आण आणि तिथून खांबाने खाली. या खांबात पडदा-एअरबॅग आहे. वायर त्याच्या पुढून नेलीस तर एअरबॅग उघडताना ती गोळीसारखी तुझ्याकडे येईल. खांबाचं आवरण काढ, आतल्या कंपनीच्या वायरींच्या जुडग्याला एअरबॅगच्या मागच्या बाजूने बांध. काही आवरणांच्या क्लिपा एकदाच वापरायच्या असतात, त्या आधीच आणून ठेव. उरलेली वायर गुंडाळून टेसाची कापडी टेप लाव, नाहीतर थंडीत कडक झालेलं प्लॅस्टिक रोज सकाळी खडखडेल.

बॅटरीचं गणित साधं आहे. दोन्ही कॅमेरे मिळून साधारण ०.३ अँपिअर धर. दिवसाला ७ अँपिअर-तास झाले. तुझी बॅटरी ६०-७० ची असेल, तीही पूर्ण भरलेली नसते, कारण स्टार्ट-स्टॉपची गाडी ब्रेकमधून मिळणाऱ्या विजेसाठी मुद्दाम थोडी जागा मोकळी ठेवते. तीन दिवस गाडी जागची हलली नाही तर २० च्या वर गेले. त्यात जानेवारीतली थंडी! किटवर व्होल्टेज कट-ऑफ असतो, म्हणजे बॅटरी त्या व्होल्टच्या खाली गेली की कॅमेरा बंद, तो १२.४ वर ठेव. लवकर बंद होईल, होऊ दे. ११.८ वर ठेवणाऱ्यांना मग सकाळी सकाळी एडीएसीला, म्हणजे बंद पडलेल्या गाडीला मदत करणाऱ्या क्लबला, फोन करावा लागतो.

श्रीकांत

*

प्रेषक: शुभदा

मंदार, वहिनी अर्ध्या बरोबर आहेत. माझी रोजची गाठ डाटेनशुट्झशीच (खाजगी माहितीच्या संरक्षणाचे नियम), म्हणून लिहिते.

कॅमेरा घेणं आणि लावणं बेकायदा नाही. दिवसभर काही कारण नसताना सगळा रस्ता टिपत राहणं आणि साठवणं हे इथल्या कायद्यात बसत नाही. १५ मे २०१८ ला बुंडेसगेरिश्ट्सहोफचा, म्हणजे इथल्या दिवाणी-फौजदारी खटल्यांच्या सर्वोच्च कोर्टाचा, निकाल आला. माग्डेबुर्गमध्ये शेजारशेजारच्या लेनमधून डावीकडे वळताना दोन गाड्या एकमेकींना लागल्या होत्या, त्यातल्या एकात डॅशकॅम होता. कोर्टाने दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या: असं सतत चित्रण नियमात बसत नाही, तरीही नुकसानभरपाईच्या दाव्यात ते पुरावा म्हणून बघता येतं. म्हणजे चित्रण तुझ्या कामी येईल आणि त्याचबद्दल तुला दंडही होऊ शकेल. तेव्हा लूप (जुनं चित्रण पुसून त्यावर नवं घेण्याआधीचा अवधी) जितका छोटा ठेवता येईल तितका ठेव आणि धक्का बसला तरच फाइल जपून राहील असं सेटिंग कर. पार्किंग मोडही धक्क्यावरच ठेव. उभ्या गाडीतून तासन्‌तास फुटपाथ टिपण्याचं समर्थन करता येणार नाही.

माइक पहिल्या दिवशीच बंद कर. कुणाचं खाजगी बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं हा जर्मन दंडसंहितेच्या कलम २०१ खाली गुन्हा आहे, नुसता दंडाचा मामला नाही. कारपूलमधले सहकारी मागे बसून साहेबांबद्दल जे बोलतात ते कार्डावर राहायला नको.

ऑस्ट्रियात नियम फार कडक आहेत. साल्झबुर्गला निघालात की सीमेच्या आधी केबल उपसून ठेव. आणि कुणी चुकीचं ओव्हरटेक केलं म्हणून नंबरप्लेटसकट व्हिडिओ आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस. (हे सगळ्यांसाठी आहे. कोण टाकतं ते सगळ्यांना माहीत आहे.)

शुभदा

*

प्रेषक: मंदार

श्रीकांतदादा, शुभदाताई, खूप आभार. बायकोला ‘अर्ध्या बरोबर’ वाचून दाखवलं. तिने पहिला शब्द ऐकलाच नाही.

एक अडचण आली आहे. मल्टिमीटरने बघितलं तर चावी बंद केल्यावरही सॉकेटचा फ्यूज जिवंतच दाखवतो. मग लाल कुठे लावू?

*

प्रेषक: श्रीकांत

दार उघडं ठेवून मोजत असशील. चावी बंद केली म्हणजे गाडी झोपली असं नाही. दार उघडं असेतो आतली कंट्रोल युनिटं जागी असतात, लॉक केल्यावरही ती हळूहळू झोपतात.

दार उघडंच राहू दे आणि त्याच्या कडेला जे कुलपाचं तोंड दिसतं त्यातला खटका स्क्रूड्रायव्हरने आत दाब, टक टक असा दोनदा आवाज येईपर्यंत. गाडीला वाटेल दार लागलं. आता रिमोटने लॉक कर, चावी गाडीपासून लांब ठेव, चहा करून ये आणि मग मोज. जे फ्यूज तेव्हा मेले ते लालसाठी, जे जिवंत राहिले ते पिवळीसाठी. सॉकेट तेव्हाही जिवंतच निघालं तर ते पिवळीला दे आणि लालसाठी मागच्या वायपरचा फ्यूज बघ. काम झालं की आधी अनलॉक करून हँडल ओढ आणि खटका सुटला का बघ. तो बंद असताना दार आपटलंस तर कुलूप वाकेल, आणि मग वर्कशॉपने सांगितलेला आकडा स्वस्त वाटेल.

कॅमेऱ्याची चिकटपट्टी या थंडीत काचेवर धरत नाही. आधी हीटर लावून काच आतून गरम होऊ दे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, दाबून धर, आणि रात्रभर कॅमेरा न अडकवता नुसतं स्टँड राहू दे. आरशामागे लेन असिस्टचा (गाडीला लेनमध्ये ठेवायला मदत करणारा) कॅमेरा असेल तर त्याच्यासमोर काही येता कामा नये.

मागच्या कॅमेऱ्याची वायर डिकीच्या दारात नेताना बिजागरीपाशी जी रबरी नळी आहे तिच्या आतूनच ने. बाहेरून नेलीस तर दार उघडबंद होताना पहिल्याच हिवाळ्यात तुटेल. नळीतून ओढायला कडक तार लागते. ती माझ्याकडे आहे, शनिवारी मराठी शाळेत घेऊन येतो. मल्टिमीटर तुझा आहेच, खांबाच्या क्लिपा तेवढ्या मागवून ठेव.

*

प्रेषक: निखिल

शनिवारी मीही येतो. माझी गिअरपाशी लोंबणारी वायरही बघा.